दोन पार्ट्या आणि एक रिकामी पेटी

जाक तातीचा 'प्लेटाइम' मी पहिल्यांदा पाहिला तो कंपनीच्या बसमध्ये. हिंजवडी ते कोथरूड, फोनवर, कानात इअरफोन, वेग दीडपट. ट्रॅफिक नेहमीसारखंच होतं, म्हणजे वेळ भरपूर होता. तरी चाळिसाव्या मिनिटाला मी सिनेमा बंद केला. 'जगातले सर्वोत्तम विनोदी सिनेमे' अशा कुठल्याशा यादीत त्याचं नाव वाचलं होतं. चाळीस मिनिटांत मला एकदाही हसू आलं नव्हतं. करड्या रंगाच्या इमारती, काचा, आणि त्यांच्यामधून इकडून तिकडे जाणारी मुंगीएवढी माणसं. यातला नायक कोण, तेही कळेना. पाहिलेल्या सिनेमांची एक यादी मी फोनमध्ये ठेवतो. तिच्यात 'प्लेटाइम'समोर लिहिलं : 'विनोद सापडला नाही.'

ती ओळ मी अजून खोडलेली नाही, कारण ती एका अर्थाने बरोबर आहे. सहा इंची पडद्यावर दीडपट वेगाने तो विनोद खरंच सापडत नाही.

दीडेक वर्षाने एका मित्राने भाड्याने प्रोजेक्टर आणला आणि गच्चीवर दोन चादरी जोडून पडदा केला. आम्ही सहा जण होतो. पहिल्या शनिवारी 'प्लेटाइम' लावला; माझा विरोध होता, पण मतदानात हरलो. दुसऱ्या शनिवारी मिलोश फोरमनचा 'द फायरमेन्स बॉल'. हे दोन सिनेमे लागोपाठ लावायचं काही ठरलेलं नव्हतं. नंतर लक्षात आलं की दोन्ही एकाच महिन्यात, डिसेंबर १९६७ मध्ये प्रदर्शित झाले होते. एक पॅरिसमध्ये, दुसरा चेकोस्लोव्हाकियात. दोन्हींत एक मोठी पार्टी आहे. दोन्हींत त्या पार्टीचा सगळा बेत डोळ्यांदेखत कोसळतो. आणि दोन्हींत खलनायक नाही. तातीच्या पार्टीत बेत मोडला की माणसं मोकळी होतात. फोरमनच्या पार्टीत ती उघडी पडतात. या दोन हसण्यांमध्ये मी गेले काही महिने अडकलोय, म्हणून हा लेख.

आधी थोडी ओळख. 'न्यू वेव्ह' म्हटलं की आपल्याला गोदार आणि त्रुफो आठवतात : १९५९-६० च्या सुमारास कॅमेरा उचलून पॅरिसच्या रस्त्यावर उतरलेली पोरं. ताती त्यांच्यातला नव्हे. तो १९०७ चा, त्यांच्याहून पिढीभर मोठा, म्युझिक हॉलमध्ये मूकाभिनय करून सिनेमात आलेला. पण या पोरांचं त्याच्यावर प्रेम होतं. त्रुफोच्या १९७० च्या 'बेड अँड बोर्ड'मध्ये मेट्रोच्या फलाटावर हुबेहूब तातीच्या मस्यू युलोसारखा दिसणारा एक माणूस काही क्षण दिसतो आणि निघून जातो. फोरमन आणि त्रुफो तर एकाच महिन्यात जन्मलेले, फेब्रुवारी १९३२ मध्ये. फोरमनचे आई-वडील तो लहान असतानाच नाझी छावण्यांमध्ये गेले. पुढे तो प्रागच्या 'फामू' या सरकारी फिल्म स्कूलमध्ये पटकथा शिकला. साठच्या दशकात तिथून आणि आसपासून जी मंडळी पुढे आली, त्यांच्या सिनेमांना 'चेक न्यू वेव्ह' म्हणतात. यिरी मेन्झेलचा 'क्लोजली वॉच्ड ट्रेन्स', व्हेरा खितिलोव्हाचा 'डेझीज', इव्हान पासेरचा 'इंटिमेट लायटिंग' हे सगळे त्याच काळातले, आणि आश्चर्य म्हणजे यांतले बरेचसे विनोदी आहेत. सरकारच्या पैशाने सिनेमा काढायचा आणि त्यातच सरकारी कारभाराला चिमटे काढायचे, हे जमवायला विनोदाशिवाय दुसरी वाट नसावी.

आता तातीची पार्टी.

'प्लेटाइम'ला कथा जवळपास नाही. अमेरिकन पर्यटक बायकांचा एक गट पॅरिसला येतो. त्यातली बार्बरा खरं पॅरिस शोधतेय. युलो, म्हणजे आखूड पँट, रेनकोट, पाइप आणि छत्रीवाला स्वतः ताती, एका काचेच्या ऑफिसात जिफार नावाच्या माणसाला भेटायला आलाय. दिवसभर तो त्याला भेटू शकत नाही. दोघे एकमेकांना सतत दिसतात. काचेपलीकडे, प्रतिबिंबात, वरच्या मजल्यावरून. एकदा तर जिफार काचेवर नाक आपटून घेतो. बार्बराला आयफेल टॉवर दिसतो तोही एका काचेच्या दारात, क्षणभर, प्रतिबिंब म्हणून. ट्रॅव्हल एजन्सीत वेगवेगळ्या देशांची पोस्टरं लावलीयत आणि प्रत्येकावर तीच एक चौकोनी इमारत.

हे शहर तातीने बांधलं होतं. पॅरिसच्या कडेला रस्ते, विजेची सोय आणि चाकांवर हलवता येणाऱ्या इमारती असलेला सेट उभा राहिला. लोक त्याला 'तातीव्हिल' म्हणत. काम १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९६७ पर्यंत रेंगाळलं. सिनेमा ७० मिमीवर घेतला, म्हणजे चित्रफीत नेहमीच्या दुप्पट रुंद. आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर तातीने क्लोजअप जवळपास घेतलेच नाहीत. मी बसमध्ये फसलो तो इथेच. विनोदी सिनेमात कुठे बघायचं हे आपल्याला सांगितलेलं असतं : केळ्याची साल, मग पाय, मग चेहरा. ताती काहीच सांगत नाही. एकाच चौकटीत डावीकडे कोपऱ्यात एक वेटर बूट बघतोय, मध्ये जोडपं नाचतंय, मागे कुणी खुर्चीत अडकलंय. तुम्ही कुठे बघता यावर तुमचा सिनेमा ठरतो. गच्चीवर आम्ही सहा जण सहा वेळा वेगवेगळ्या क्षणी हसत होतो, आणि प्रत्येक वेळी बाकीचे पाच विचारत होते, 'कुठे? कुठे?' शेजारचा हसला की मी कोपरे धुंडाळायला लागायचो. एकट्याने फोनवर हे होणं शक्यच नव्हतं.

सिनेमाचा गाभा म्हणजे 'रॉयल गार्डन' नावाच्या नव्या रेस्तराँची उद्घाटनाची रात्र. जवळपास पाऊण तास चालते. पाहुणे दारात उभे आहेत आणि कामगार अजून हत्यारं गोळा करतायत. जमिनीची नवीकोरी फरशी मॅनेजरच्या बुटाला चिकटून वर येते. खुर्च्यांच्या पाठींना मुकुटाचा आकार दिलाय, तो बसणाऱ्यांच्या कोटांवर आणि उघड्या पाठींवर उमटतो. एक मासा टेबलाशेजारी आणून ठेवलाय. येईल तो वेटर त्यावर मसाला टाकतो, सॉस ओततो आणि निघून जातो. वाढत कुणीच नाही. एका वेटरची पँट खुर्चीत अडकून फाटते. त्याला गच्चीवर उभं केलं जातं, आणि मग रात्रभर बाकीचे वेटर आपापल्या बिघडलेल्या वस्तू त्याच्याकडे आणून बदलून नेतात. फाटका बूट दे, चांगला घे. डागाळलेलं जाकीट दे, स्वच्छ घे. शेवटी तो बिचारा सगळ्या रेस्तराँच्या दोषांचा साठा होऊन बसतो. आमच्या धंद्यात प्रत्येक टीममध्ये असा एक माणूस असतो, पण त्याबद्दल पुढे.

मग युलो येतो. दरवान त्याचा लष्करातला जुना मित्र निघतो आणि त्याला आग्रहाने आत ओढताना काचेचं दार फुटून खाली पडतं. दरवान डगमगत नाही. हातात उरलेली पितळी मूठ हवेत धरून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी नसलेलं दार उघडत-मिटत राहतो, आणि पाहुणे नसलेल्या दारातून अदबीने आत येत राहतात. हाकलून दिलेला एक दारुडा निऑनच्या बाणाचं वळण धरून चालतो आणि बाण त्याला परत आतच आणून सोडतो. मग छताची सजावट कोसळते. इथे रात्र संपायला हवी होती; तिथूनच ती रंगात येते. कोसळलेल्या लाकडी जाळीच्या आडोशाला एक अमेरिकन पैसेवाला आपलं छोटं खानावळवजा राज्य थाटतो. प्रवेशाची अट एकच : पाठीवर खुर्चीच्या मुकुटाचा शिक्का हवा. बार्बरा पियानोवर बसते. दिवसभर काचांमुळे एकमेकांना भेटू न शकलेली माणसं आता एकमेकांच्या अंगावर रेलून गातायत.

बारकाईने पाहिलं तर तातीच्या जगात चुकतात त्या वस्तू. फरशी चुकते, खुर्ची चुकते, दार चुकतं. माणसं फक्त त्या वस्तूंना शोभेलसं वागायचा प्रयत्न करत असतात. वस्तू मोडली की तो प्रयत्न सुटतो. म्हणून त्याच्या विनोदात कुणाचा अपमान होत नाही. दारुडाही परत आत येतो आणि कुणी काही म्हणत नाही. पहाटे बार्बरा विमानतळाकडे निघते तेव्हा चौकातल्या गाड्या जत्रेतल्या चक्रासारख्या गोल फिरतायत. युलोने पाठवलेल्या भेटीत फुलांची एक डहाळी आहे आणि बसच्या खिडकीतून दिसणारे रस्त्यावरचे दिवे हुबेहूब तशाच आकाराचे आहेत. तोच रस्ता, तेच दिवे. आदल्या दिवशी ते कुणाला फुलांसारखे दिसले नव्हते.

मी त्या रात्री खूश होऊन घरी गेलो. कुणाचं नुकसान न करणारा विनोद असू शकतो, असं वाटलं. दुसऱ्या शनिवारी फोरमनने हे वाटणं मोडीत काढलं.

'द फायरमेन्स बॉल'चं मूळ चेक नाव 'होर्झी, मा पानेंको'. फोरमन, पासेर आणि यारोस्लाव पापोउशेक हे तिघे दुसरीच एक पटकथा लिहायला व्हर्खलाबी नावाच्या डोंगराळ गावात जाऊन बसले होते. काही जमेना. एका संध्याकाळी सहज म्हणून गावातल्या अग्निशमन दलाच्या वार्षिक पार्टीला गेले आणि जे पाहिलं त्यावर गप्पा मारता मारता हा सिनेमा लिहून मोकळे झाले. भूमिकाही बहुतेक हौशी माणसांना दिल्या, त्यात त्याच गावचे खरे अग्निशमनवाले. त्यामुळे यातले चेहरे सिनेमातले वाटत नाहीत. सव्वा तासाहून किंचित छोटा सिनेमा आहे. फोनवर बघितलात तरी चालेल, फक्त वेग वाढवू नका. यातला विनोद चेहऱ्यांवर आहे आणि चेहरे सावकाश बदलतात.

कमिटीपुढे तीन कामं आहेत. शहाऐंशी वर्षांच्या माजी अध्यक्षांना मानाची छोटी कुऱ्हाड द्यायची. ती पंच्याऐंशीव्या वर्षीच द्यायची होती, पण राहून गेलं. आता त्यांना कर्करोग आहे आणि ते त्यांना माहीत नाही असा सगळ्यांचा समज आहे. दुसरं, सौंदर्यस्पर्धा घ्यायची. तिसरं, लॉटरी काढायची. पहिल्याच प्रसंगात एक जण शिडीवर चढून शोभेच्या फलकाच्या कडा कलात्मकपणे जाळतोय. खाली शिडी धरलेले दोघे लॉटरीच्या टेबलावरचा केक कुठे गेला यावर भांडायला लागतात आणि शिडी सोडून देतात. वरचा लोंबकळतो, फलक पेटतो, आणि अग्निशमन दलाचं विझवायचं यंत्र चालत नाही.

त्यानंतर रात्रभर लॉटरीचं टेबल रिकामं होत जातं. कोण चोरतंय हे आपल्याला क्वचितच दिसतं, फक्त वस्तू कमी होत जातात. सौंदर्यस्पर्धेसाठी मुली मिळत नाहीत, मिळतात त्या लाजतात, आणि ऐन वेळी पळून स्वच्छतागृहात कोंडून घेतात. शेवटी गर्दी एका म्हाताऱ्या बाईला मुकुट घालून टाकते. हा भाग मला आजही नीट पचत नाही. मासिकातला फोटो पुढ्यात ठेवून मुलींकडे पाहणाऱ्या कमिटीवर फोरमन हसतोय हे खरं, पण त्याचा कॅमेराही कमिटीच्याच बाजूला उभा राहून त्या मुलींचे अवघडलेले चेहरे बराच वेळ बघत राहतो. त्या मुली व्यावसायिक नट्या नाहीत. अवघडलेपण किती खरं होतं, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. तातीने असं कधी केलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं. पण तातीने लोकांकडे एवढं जवळून पाहिलंही नसतं.

मग गावात आग लागते. हावेल्का नावाच्या म्हाताऱ्याचं घर जळतंय. बंब बर्फात रुततो. दल फावड्यांनी आगीवर बर्फ फेकतं. बघ्यांची गर्दी जमते आणि तिथेही पेयं विकायला येतात. म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवलंय. त्याला आपलं घर जळताना दिसू नये म्हणून कुणी खुर्ची फिरवतं. मग त्याला थंडी वाजतेय म्हणून खुर्ची आगीच्या जवळ सरकवतात. आम्ही गच्चीवर मोठ्याने हसलो आणि हसू संपायच्या आत गप्प झालो. त्या माणसांपैकी एकही दुष्ट नाही. प्रत्येक जण त्या क्षणी सुचलेलं चांगलंच करतोय.

पार्टीत परतल्यावर लोक दया म्हणून आपापली लॉटरीची तिकिटं हावेल्काला देऊन टाकतात. म्हाताऱ्याच्या पुढ्यात तिकिटांचा ढीग, आणि टेबलावर बक्षिसं नाहीत. कमिटी तोडगा काढते : दिवे घालवू, ज्याने जे नेलंय त्याने ते अंधारात परत ठेवावं, कुणाला काही विचारलं जाणार नाही. दिवे जातात. थोड्या वेळाने लागतात. टेबल होतं तेवढंही भरलेलं नाही. आणि टेबलाशी एक माणूस उभा आहे : टेबलाची राखण करायला नेमलेला योसेफ. बायकोने उचललेला डुकराच्या मांसाचा थिजवलेला गोळा त्याच्या हातात आहे. तो परत ठेवत होता. सगळे त्याच्याकडे बघतात आणि तो बेशुद्ध पडतो.

मग कमिटीची बैठक. योसेफने वस्तू परत ठेवून दलाची अब्रू घालवली, असा सूर निघतो. म्हणजे चोरी झाली याचं दुःख नाही. ज्या एकाने चोरी मागे घेतली तो सापडला याचं आहे. दलाची इज्जत मोठी की माणसाचा प्रामाणिकपणा, यावर गंभीरपणे खल होतो.

इथे मला हसू आलं नाही. मला आमची एक मीटिंग आठवली.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने एक स्क्रिप्ट चालवली आणि चालू डेटाबेसमधून एका क्लायंटच्या हजारो नोंदी उडाल्या. बॅकअपमधून सगळं परत आणायला रात्र गेली. सोमवारी बैठक झाली. आमच्याकडे तिला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात : चूक कुणाची हे विचारायचं नाही, चूक कशी झाली ते विचारायचं. दिवे घालवण्यासारखंच. क्लायंटचे लोकही कॉलवर होते. त्या मुलाने पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकलं, स्क्रिप्ट माझी, एक अट लिहायची राहिली. कॉल संपल्यावर एका वरिष्ठाने त्याला आमच्या सगळ्यांसमोर अगदी प्रेमाने समजावलं : प्रामाणिकपणाचं कौतुक आहे, पण क्लायंटसमोर बोलायची काय गरज होती?

यात मी न सांगितलेली गोष्ट अशी की ती स्क्रिप्ट चालवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तपासून मंजूर करावी लागते. ती मी मंजूर केली होती, न वाचता. शुक्रवार होता, त्याने मेसेज केला होता, मी फोनवरच 'ठीक दिसतंय' लिहून बटण दाबलं होतं. दोन्ही वेळा माझा माइक बंद होता, आणि मी तो चालू केला नाही.

'फायरमेन्स बॉल'बद्दल लिहिताना बहुतेक समीक्षक सांगतात की ही कम्युनिस्ट राजवटीवरची रूपककथा आहे. ते खरं असेल. राजवटीनेही तसंच घेतलं. सिनेमा पाहून देशभरातले अग्निशमनवाले भडकले होते, आणि ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये आल्यानंतरच्या काळात त्यावर बंदी आली. पण रूपककथा म्हटलं की आपण सुटतो. कमिटी म्हणजे पार्टी, टेबल म्हणजे देश, आणि आपण पुण्यातल्या गच्चीवर बसून हसणारे. सिनेमाची मांडणी आपल्याला असं सुटू देत नाही. त्यात चोर दिसत नाहीत, म्हणून चोर कोण याचं उत्तर 'हॉलमधलं कुणीही' एवढंच राहतं. दिवे गेल्यावर पडदाही काळा होतो, आणि तेवढा वेळ आपणही त्याच अंधारात असतो.

तातीशी तुलना केली की फरक नेमका कळतो. 'रॉयल गार्डन'मधला तो गच्चीवरचा वेटर आणि योसेफ या दोघांवर सगळ्यांचे दोष येऊन पडतात. पण वेटरवर येतात ते बूट आणि जाकिटं. ते अंगावरून उतरवता येतात. ताती या गोष्टीवर ठाम आहे की बिघाड बाहेर असतो, रचनेत असतो, आणि रचना सैल झाली की माणूस आतून चांगलाच निघतो. मला हे मान्य करावंसं वाटतं. आमचं 'ब्लेमलेस' हे तत्त्वही त्याच श्रद्धेवर उभं आहे. फोरमन म्हणतो, रचना सैल झाली, दिवे गेले, आता बघू काय होतं. आणि काय होतं, तर टेबल आणखी रिकामं होतं. तातीच्या सिनेमात कुणाचं घर जळत नाही, ही त्याच्या आनंदाची अट आहे. हे लक्षात आल्यावर 'प्लेटाइम' मला कमी आवडायला लागला नाही, पण त्याची मर्यादा दिसली. फोरमनची मर्यादा उलटी : त्याच्या हॉलमध्ये कुणीच कुणाच्या खांद्यावर रेलत नाही.

दोघांनी या सिनेमांची किंमत मोजली. 'प्लेटाइम' पडला. ताती कर्जात बुडाला, आपल्याच सिनेमांचे हक्क गमावून बसला, आणि तातीव्हिल जमीनदोस्त झालं. फोरमनच्या सिनेमात इटालियन निर्माता कार्लो पोंटीचा पैसा होता. सिनेमा पाहून पोंटीने अंग काढून घेतलं आणि पैसे परत मागितले. सरकारी पैशाचं नुकसान केल्याचा ठपका येऊन तुरुंगात जायची वेळ आली होती. फ्रान्समधून क्लोद बेरी आणि त्रुफो मदतीला आले, परदेशातले हक्क विकले गेले आणि फोरमन सुटला. पुढे सिनेमाला परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करचं नामांकनही मिळालं. रणगाडे आले तेव्हा फोरमन पॅरिसमध्येच होता. तो अमेरिकेला गेला. 'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट' आणि 'अमाडेउस' ही त्याची तिथली कामं आपल्यातल्या अनेकांनी आधी पाहिलेली असतात. चेकोस्लोव्हाकियात राहून काढलेला 'फायरमेन्स बॉल' हा त्याचा शेवटचा सिनेमा.

त्याचा शेवट सांगतो. सांगितल्याने तो बिघडत नाही. रात्र सरते. हॉल ओस पडलाय. शहाऐंशी वर्षांचे माजी अध्यक्ष अजून थांबलेत. कमिटी घाईघाईने रांगेत उभी राहते आणि त्यांना पेटी देते. म्हातारबाबा आभाराचं नेटकं, सभ्य भाषण करतात. पेटी रिकामी आहे. कुऱ्हाडही गेलीय. ते काही बोलत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर तुच्छता नाही, राग नाही. एका सभ्य माणसाने आजूबाजूच्या लोकांना लाज वाटू नये म्हणून धरून ठेवलेला चेहरा आहे तो. आणि मग बाहेर, बर्फात : जळालेल्या घराशेजारी हावेल्काचं उरलेलं सामान, त्यात एक पलंग. सामानाची राखण करायला ठेवलेला माणूस त्या पलंगावर झोपलाय. हावेल्का दुसऱ्या बाजूने त्याच पलंगात शिरतो. वरून बर्फ पडतंय. मी मघाशी म्हटलं की फोरमनच्या सिनेमात कुणी कुणाला टेकत नाही. या एका चौकटीपुरतं ते विधान मागे घ्यायला हवं.

सिनेमा पाहिल्यावर काही आठवड्यांनी मी त्या मुलाला फोन केला. त्याने तोवर नोकरी बदलली होती. इकडचं तिकडचं बोलून मी सांगितलं की ती स्क्रिप्ट मी न वाचता मंजूर केली होती, आणि मीटिंगमध्ये बोललो नाही.

तो म्हणाला, "अरे, माहितीये. अप्रूव्हलवर तुझं नाव होतं की."

होतंच. ते नाव सिस्टिममध्ये सगळ्यांना दिसत होतं. त्याला, वरिष्ठांना, पूर्ण टीमला. त्या सोमवारी कुणीही ते पान उघडलं नव्हतं, एवढंच. मी सहा महिने ज्या अंधारात उभा आहे असं समजत होतो, तो अंधार नव्हताच.

मला काय बोलावं कळेना. मग त्यानेच विचारलं की आज अचानक कसं आठवलं. मी म्हटलं, एक सिनेमा पाहिला. त्याने नाव विचारलं. मी दोन्ही नावं सांगितली आणि म्हटलं, पहिला फोनवर बघू नकोस. गच्चीवर ये, परत लावू.